फी हातात, दार बंद

शिक्षणावरचा सरकारी पैसा शाळेला द्यावा की मुलाला, हा प्रश्न वरवर हिशेबाचा वाटतो. सरकारी शाळेत दर मुलामागे जेवढा खर्च होतो, तेवढ्या रकमेचे कूपन पालकाच्या हाती द्यायचे. पालकाने ते हव्या त्या शाळेत फी म्हणून भरायचे आणि शाळेने ते सरकारकडून वटवून घ्यायचे. ही ‘स्कूल व्हाउचर’ची कल्पना. तिचे समर्थक सांगतात की श्रीमंताला शाळा निवडता येते, ती मुभा गरिबालाही मिळेल, आणि मुले निघून जाण्याच्या धास्तीने शाळा सुधारतील. विरोधक म्हणतात की सरकारी शाळा ओस पडतील आणि ज्यांना दुसरीकडे जाता येत नाही ती मुले मागे राहतील.

दोन्ही बाजूंचा भर निकालांवर आणि खर्चावर असतो. या वादाचा इतिहास चाळताना मात्र एक वेगळाच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. पालकाच्या हाती पैसा आला, तरी मुलाला आत घ्यायचे की नाही, हे कोण ठरवणार? आणि त्याने नाही म्हटले, तर दाद कुठे मागायची?

हा प्रश्न आपल्याकडे व्हाउचर हा शब्द जन्मण्याच्या शंभर वर्षे आधी उभा राहिला होता. जून १८५६ मध्ये मुंबई इलाख्यातील धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला. नेहमीची फी भरण्यास आपण तयार आहोत, असे त्याने त्यात नमूद केले होते. म्हणजे अडचण पैशाची नव्हती. सरकारचे जुलैमधले उत्तर मोठे सूचक आहे. तत्त्वतः न्याय अर्जदाराच्या बाजूचा आहे हे सरकारने मान्य केले. पण त्या एकट्याला घेतले तर इतर मुले शाळा सोडतील आणि शाळाच निरुपयोगी होईल, असे म्हणून हात वर केले. प्रकरण वर गेले. अखेर १८५८ मध्ये लंडनच्या संचालक मंडळाने कळवले की सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या आहेत.

या निर्णयाने शाळांची दारे लगेच उघडली असे नाही; गावोगाव महार-मांगांची मुले पुढेही कित्येक दशके बाहेरच राहिली. तरी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. शाळा सरकारी होती, म्हणून अर्ज करायला जागा होती, वरचा अधिकारी होता आणि अखेरीस लेखी तत्त्व पदरात पडले. सरकारी मालकीमुळे दार आपोआप उघडत नाही. पण ते का बंद आहे, हे विचारण्याचा हक्क मिळतो.

दुसरा पेच जोतीराव फुले यांनी मांडला. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याची पद्धत आणली होती. त्याखेरीज परीक्षेच्या निकालानुसार अनुदान देण्याचीही पद्धत होती. तिचा आढावा घेण्यासाठी आणि सरकारने शिक्षणातला किती भार स्वतः वाहायचा हे ठरवण्यासाठी १८८२ मध्ये हंटर आयोग नेमला गेला. फुले यांच्या निवेदनातला एक भाग सर्वांना ठाऊक आहे: सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, म्हणून प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे. त्यांचे दुसरे एक निरीक्षण कमी उद्धृत होते. निकालावर अनुदान देण्याची पद्धत गरीब आणि अशिक्षित लोकांत शिक्षण पसरवायला उपयोगी नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. या लोकांत शिक्षणाची गोडी अजून लागलेली नाही. त्यांच्या वस्तीत स्वतःच्या हिमतीवर शाळा काढायला कोणी शिक्षक धजणार नाही, कारण त्यावर त्याचे पोट भरणार नाही. तेव्हा सरकारी शाळा आणि खास उत्तेजन यांवाचून तिथे गत्यंतर नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

फुले यांनी स्वतः खासगी प्रयत्नाने शाळा चालवल्या होत्या. खासगी शाळांविषयी त्यांना आकस असण्याचे कारण नव्हते. पैसा मागणीच्या पाठोपाठ जातो आणि जिथे मागणी दबलेली आहे तिथे तो पोहोचत नाही, हे त्यांना अनुभवाने कळले होते.

जिथे शाळा निघणारच नाही, त्या वस्तीची चिंता फुले करत होते. पाऊणशे वर्षांनी अमेरिकेत याच्या उलटे घडले. तिथे असलेल्या सरकारी शाळा बंद करून पैसा पालकांच्या हाती देण्यात आला.

अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांचा शिक्षणातील सरकारच्या भूमिकेवरचा निबंध १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. व्हाउचरची आधुनिक मांडणी त्यातली. आदल्याच वर्षी ब्राउन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या वेगवेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या होत्या. फ्रीडमन यांच्या निबंधात एक लांब तळटीप आहे. हा निकाल टाळण्यासाठी दक्षिणेतल्या काही राज्यांत अशाच योजना पुढे येत आहेत, हे आपल्याला लिहून झाल्यावर कळले, असे ते त्यात नोंदवतात. वर्णद्वेषाचा निषेध करतात. आणि तरीही फक्त गोऱ्यांच्या, फक्त काळ्यांच्या आणि मिश्र अशा तिन्ही शाळा असू द्याव्यात, पालक निवडतील, या भूमिकेवर कायम राहतात.

व्हर्जिनिया राज्यात ही निवड कशी झाली, ते प्रिन्स एडवर्ड काउंटीत दिसले. तिथल्या फार्मव्हिल गावात मोटन हायस्कूल ही कृष्णवर्णीय मुलांची शाळा १८० जणांसाठी बांधलेली. १९५१ मध्ये तिथे साडेचारशेहून जास्त मुले होती आणि जादा वर्ग डांबरी कागदाने मढवलेल्या खोपटांत भरत. २३ एप्रिल १९५१ रोजी बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीने विद्यार्थ्यांचा संप घडवला. त्यातून जो खटला उभा राहिला, तो पुढे ब्राउन प्रकरणातल्या पाच खटल्यांपैकी एक ठरला.

न्यायालयाने शाळा एकत्र करण्याचा आदेश दिला, तेव्हा १९५९ मध्ये काउंटीच्या मंडळाने शाळांसाठी कर बसवायलाच नकार दिला. सगळ्या सरकारी शाळांना कुलूप लागले. गोऱ्या मुलांसाठी ‘प्रिन्स एडवर्ड अकॅडमी’ ही खासगी शाळा लगेच सुरू झाली; पहिले वर्ष देणग्यांवर निघाले, दुसऱ्या वर्षी पालकांना राज्याकडून आणि काउंटीकडून फीसाठी अनुदान मिळू लागले. अनुदानाच्या नियमांत वर्णाचा उल्लेख नव्हता. कागदावर ते सर्वांना खुले होते. पण अकॅडमी फक्त गोऱ्यांची होती आणि दुसरी शाळा उरली नव्हती. सुमारे १७०० कृष्णवर्णीय मुले शाळेविना राहिली.

त्यांच्यासाठीही खासगी शाळा काढू, असा प्रस्ताव गोऱ्या पुढाऱ्यांनी दिला. त्याला जवळजवळ कोणीच अर्ज केला नाही. मुलांचे वर्ष वाया जात असताना तो नाकारणे सोपे नव्हते. पण ती शाळा पत्करली असती तर एकत्र सरकारी शाळेवरचा हक्क आपल्याच हाताने सोडल्यासारखे झाले असते. काहींनी मुले दुसऱ्या गावी नातलगांकडे पाठवली, काही मुले परराज्यांत अनोळखी कुटुंबांत राहून शिकली, काही चर्चमधल्या तात्पुरत्या वर्गांत बसली. पुष्कळ मुलांचे शिक्षण कायमचे सुटले.

शाळा बंद असेपर्यंत अनुदान देऊ नये, असा आदेश संघराज्याच्या न्यायालयाने १९६१ मध्ये दिला. २५ मे १९६४ रोजी ग्रिफिन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शाळाबंदी घटनाबाह्य ठरवली; गरज पडल्यास काउंटीला कर बसवण्याचा हुकूमही देता येईल, असे सांगितले. पाच वर्षांनी सरकारी शाळा उघडल्या. शाळा हुकलेल्यांसाठी राज्याने शिष्यवृत्ती सुरू केली ती २००४ मध्ये. तेव्हा ती मुले पन्नाशी ओलांडलेली होती.

एवढ्यावरून व्हाउचर म्हणजे वर्णद्वेष, असे समीकरण मांडणे अन्यायाचे होईल. १९९० मध्ये मिल्वॉकी शहरात व्हाउचर योजना आणण्यात पुढाकार होता पॉली विल्यम्स या कृष्णवर्णीय आमदार बाईंचा. सरकारी शाळांनी आपल्या मुलांना वाऱ्यावर सोडले आहे, ही त्यांची तक्रार खोटी नव्हती. म्हणून ती योजना फक्त कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी होती आणि अर्ज जास्त आले तर खासगी शाळेला मुले चिठ्ठ्या टाकून घ्यावी लागत. निवडीचा अधिकार शाळेकडे राहणार नाही, अशी तजवीज त्यात होती. पुढे उत्पन्नाची मर्यादा सैल होऊ लागली, तेव्हा विल्यम्सबाईंनीच विरोध केला.

आपल्या शिक्षण हक्क कायद्यातही हेच तत्त्व आहे. २००९ च्या या कायद्याच्या कलम १२(१)(क) नुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या वर्गातल्या २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्यायच्या आणि सरकारने त्यांची प्रतिपूर्ती करायची. पैसा मुलामागे जातो, पण दार उघडण्याची सक्तीही त्याच्याबरोबर जाते. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने महाराष्ट्र सरकारने, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलैला ती रद्द केली. पालकांना दाद मागता आली ती कायद्यात हक्क लिहिलेला होता म्हणून. धारवाडच्या मुलाच्या हाती फक्त फी होती.

फुले यांचा पेच मात्र न्यायालयात सुटणारा नाही. वीसहून कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा प्रस्ताव राज्यात २०२३ मध्ये आला. या शाळा बहुतेक पाड्यांवर, वस्त्यांवर, डोंगरकपारीला आहेत. तिथल्या पालकाच्या हाती उद्या व्हाउचर दिले, तरी ते वटवणारी खासगी शाळा तिथे निघणार नाही; वीस मुलांच्या फीवर शिक्षकाचे पोट भरत नाही. व्हाउचरची कोणतीही योजना पुढे आली, तर तिची पहिली परीक्षा शहरातल्या नामांकित शाळेत न घेता या पाड्यावर घ्यावी.