पाहिलेला कागद

१८८३ च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेस निघाल्या. विरोध होता तो स्वकीयांचा. हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परतेन, ही ग्वाही त्यांनी श्रीरामपूरच्या भाषणात दिली तीही त्यांनाच. अमेरिकी सरकारने तसे काही विचारले नव्हते. व्हिसा नावाची वस्तू त्यांच्या वाटेत आलीच नाही. श्टेफान त्स्वाइगनेही १९१४ पूर्वी आपण पासपोर्टाशिवाय हिंदुस्थान व अमेरिका पाहिल्याचे आत्मकथनात नोंदवले आहे.

या मोकळ्या जगाविषयी आपल्याला हळहळ वाटते; पण ते सर्वांना सारखे मोकळे नव्हते. त्याच १९१४ च्या मे महिन्यात ‘कोमागाता मारू’ व्हँकूवरला पोचली. ३७६ उतारू, बहुतेक पंजाबी शीख, सारे ब्रिटिश प्रजाजन. कॅनडाच्या नियमात हिंदी माणसाचा उल्लेखही नव्हता. उतारू मायदेशातून कुठेही न थांबता थेट आलेला असावा, अशी अट. हिंदुस्थानातून तशी थेट बोटसेवा नाही, हे नियम करणाऱ्यांना पक्के ठाऊक होते! दोन महिन्यांनी, मोजके उतारू वगळता, जहाज परत पाठवण्यात आले.

व्हिसा सार्वत्रिक झाला तो पहिल्या महायुद्धात, हेरांच्या भीतीने. शब्द लॅटिन, अर्थ ‘पाहिलेला’, म्हणजे पाहून-तपासून झालेला कागद. १९२० साली राष्ट्रसंघाच्या पॅरिस परिषदेने बत्तीस पानी पासपोर्टाचा नमुना सुचवला आणि युद्धपूर्व मोकळीक लवकरच हळूहळू परतेल, अशी आशाही ठरावात नोंदवली. त्याच वर्षी हिंदुस्थानात प्रवेश करण्यासाठी पासपोर्ट सक्तीचा करण्याची तरतूद करणारा कायदा झाला. तो रद्द व्हायला २०२५ साल उजाडावे लागले.

आम्हांला अधिक विचार करायला लावते ते १९८६ साल. तोवर भारतीय नागरिकाला ब्रिटनच्या छोट्या भेटीसाठी आगाऊ व्हिसा लागत नसे. हीथ्रोवरचा अधिकारी प्रश्न विचारून काय ते ठरवी. थॅचर सरकारने भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नायजेरिया व घाना या पाच देशांच्या नागरिकांवर व्हिसाची सक्ती केली, तेव्हा विमानतळावरील ताणाचे कारण पुढे केले गेले. ताण होता हे नाकारता येत नाही. परंतु हीथ्रोवर अडवलेल्या पाहुण्यासाठी तिथले नातलग आपल्या खासदाराकडे धाव घेत, आणि खासदाराच्या हस्तक्षेपाने परतपाठवणी थांबे. मुंबईत नकार मिळालेल्या माणसाच्या बाजूने असे बोलणार कोण? त्याचे नाकारले जाणे तिकडे कुणाच्या दृष्टीसही पडत नाही. सीमा लंडनहून उचलून आपल्या दारात आणून ठेवली गेली, ती अशी.

गंमत म्हणजे, त्याच्या आदल्याच वर्षी, १९८५ च्या जूनमध्ये, मोझेल नदीवरील एका बोटीत शेंगेन करारावर सह्या झाल्या होत्या. युरोपने आपसांतल्या चौक्या काढायला घेतल्या. बाहेरच्या कुंपणाशी आपण उभे आहोत: १८० दिवसांत ९० दिवसांचा मुक्काम, ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा, बँकेचे उतारे, परतीच्या प्रवासाचे आरक्षण. आणि आपण नक्की परत येऊ याचा पुरावा. तो आता परक्यांना द्यायचा.