मामल्याचे उंदीर आणि १९९४ चा प्लेग



सुगीत उंदीर किती पोते खातात याचा हिशोब आपण करतो. पण आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात उंदरांनी एकदा अख्ख्या देशाला घाम फोडला होता. नव्या पोरांना ते माहीत नाही, म्हणून आज पीक-पाण्याऐवजी हे लिहितोय.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादकडं हजारो माणसं गेली. त्यानंतर मराठवाड्यात लोक घरात झोपायला भ्यायचे. कुणी पत्र्याच्या शेडात, कुणी उघड्यावर. पडक्या, रिकाम्या घरांत धान्य तसंच राहिलं. उंदराला अजून काय पाहिजे? खायला दाणा, लपायला भिंत आणि माणसाची वर्दळ नाही.

पुढच्या पावसाळ्यात, ऑगस्ट १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात घरांत उंदीर मरून पडायला लागले. पिसवा इतक्या झाल्या की लोक हैराण. मग ताप आणि जांघेत, काखेत गाठी आलेले रोगी दिसू लागले. हा गाठीचा प्लेग. १९६६ नंतर देशात माणसाला प्लेग झाल्याची नोंद नव्हती, त्यामुळं तो गेला असंच सगळे धरून चालले होते. तज्ज्ञांनी कारण मांडलं ते असं: प्लेगचा जंतू रानातल्या उंदरांत टिकून असतो. भूकंपानंतर घरचे उंदीर वाढले, रानातल्यांशी त्यांचा संबंध आला आणि पिसवांनी रोग गावात आणला.

सप्टेंबरात सुरतेला फुफ्फुसाचा प्लेग निघाला. हा खोकल्यातून माणसाकडून माणसाला होतो. पन्नासच्या वर माणसं गेली, लाखो लोक शहर सोडून पळाले. परदेशांनी विमानं बंद केली, आपला माल अडवला. आपल्याकडंही एसटीत लोक तोंडाला रुमाल बांधून बसायचे अन् मेडिकलवर टेट्रासायक्लीनच्या गोळ्यांना गर्दी व्हायची. हा खरंच प्लेग का, यावर डॉक्टर लोकांतही वाद झाला. पुढं जनुकीय तपासणीत प्लेगच्याच जंतूची ओळख पटली.

आता जरा मागं जाऊ. १८९६ ला मुंबईत प्लेग आला. १० मार्च १८९७ ला पुण्यात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले त्यातच गेल्या. त्याच वर्षी जानेवारीत हाफकिन साहेबानं मुंबईत लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली. पण रोग पसरतो कसा, हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. सरकार घरं धुवत होतं, सामान जाळत होतं. १८९८ ला सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत दाखवलं की उंदरावरची पिसू रोग नेते. १९०५ नंतर मुंबईत प्लेग कमिशननं प्लेगच्या घरांत गिनीपिगचे पिंजरे ठेवून पाहिले. पिसू पोचली त्या पिंजऱ्यातलं जनावर मेलं. पिसू पोचू दिली नाही तिथलं वाचलं.

आपले जुने लोक उंदीर पडले की गाव सोडून रानात झोपड्या टाकायचे. त्यांना जंतू माहीत नव्हता, पण खूण पक्की माहीत होती. उंदीर मेला की त्याच्या अंगावरची पिसू नवं अंग शोधते, आणि ते अंग आपलं असतं.

असं फक्त आपल्याकडंच नाही. अर्जेंटिनात १९५० नंतर मका काढणाऱ्या मजुरांना रक्तस्रावाचा ताप यायचा. तो विषाणू शेतातल्या उंदरांत होता. पुढं त्यावर लस आली आणि ती शेतावर राबणाऱ्यांना दिली. कोरियात १९७६ ला ली हो-वांग या शास्त्रज्ञानं अशाच तापाचा हंता विषाणू रानउंदरात शोधला. दोन्हीकडं आधी आजारी पडला तो रानातला माणूस. आपल्याकडं लेप्टोचंही तसंच. उंदराच्या मुतानं खराब झालेल्या चिखलात भेगाळलेल्या पायानं उभं राहिलं की जंतू आत जातो.

माझं म्हणणं एवढंच. कपाशीत कामगंध सापळा लावून आपण बोंडअळीचे पतंग मोजतो. तशीच नजर उंदरावर पाहिजे. मामल्यात रोगी दिसायच्या आधी उंदीर पडले होते.

तर एवढं करा:

• औषध न टाकता घरात, गोठ्यात एकामागून एक उंदीर मरत असतील तर त्याच दिवशी आशाताईला किंवा आरोग्य केंद्राला सांगा.
• तिथं लगेच उंदीर मारायचं औषध टाकू नका. प्लेगचा संशय असला तर आधी पिसवांचा बंदोबस्त, मग उंदरांचा. उलटं केलं तर पिसवा आपल्यावर येतात.
• मेलेला उंदीर हातानं उचलून धुऱ्यावर फेकू नका. हातमोजा किंवा प्लास्टिकची पिशवी हाताला घालून खोल पुरा. पोरांना जवळ येऊ देऊ नका.
• सुडी, कडब्याची गंजी आणि धान्याच्या थप्प्या घराच्या भिंतीला लावू नका.
• ताप आला तर चिखलात काम केलंय, घरात उंदीर मेलेत, हे डॉक्टरला स्वतःहून सांगा. प्लेग असो की लेप्टो, वेळेत औषध मिळालं तर माणूस वाचतो.

हवामानाचा अंदाज वरून येतो. उंदराची खबर मात्र आपल्याच गावातून वर जावी लागते.