वाट बघण्याचे पैसे

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं अशांसाठी हा या आठवड्याच्या एपिसोडचा लिखित अवतार. बोलताना शंभर वेळा आलेलं "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" गाळलंय, बाकी जवळपास तसंच आहे.

भिवंडी, चाकण, तळोजा, कुठल्याही गोदामांच्या पट्ट्यात जा, गेटवर बोर्ड दिसतो : "फोर्कलिफ्ट ऑपरेटर पाहिजे." खाली अनुभव, शिफ्ट, एक मोबाइल नंबर. साधी गोष्ट आहे. पण या बोर्डावर एक प्रश्न कधीच लिहिलेला नसतो. समजा ऑपरेटर सकाळी आठला हजर झाला, मशीन चालू स्थितीत आहे, आणि माल घेऊन येणारा ट्रेलर घाटात अडकलाय. दुपारपर्यंत काम नाही. त्या चार तासांचे पैसे कोणी द्यायचे?

तुम्ही म्हणाल, पगार आहे ना त्याला. हो, असेल तर. हा प्रश्न किमान सव्वाशे वर्षं जुना आहे. जगभरच्या बंदरांमध्ये त्यावरून संप झाले, कायदे झाले आणि आपल्या मुंबईत त्याचं एक उत्तर तर सरकारी योजनेत लिहिलं गेलं. मजा म्हणजे हे उत्तर लिफ्टने जाता येईल इतकं जवळ असून आपल्यापैकी कोणाला माहीत नसतं. मलाही कायद्याचे जुने कागद चाळताना सापडलं.

आधी बंदर कसं चालायचं ते बघू. ससून डॉक १८७५चं, प्रिन्सेस डॉक १८८०चं, मग व्हिक्टोरिया, मग १९१४ मध्ये अलेक्झांड्रा, ज्याला आपण आज इंदिरा डॉक म्हणतो. कंटेनर नव्हते. कापसाच्या गाठी, धान्याची पोती, लोखंडी पाइप, चहाच्या पेट्या, सगळं सुटं. जहाजाच्या पोटात उतरलेली माणसं माल जाळ्यात किंवा दोरखंडाच्या फासात रचायची. वर डेकवर विंच, म्हणजे दोर गुंडाळून ओझं उचलणारं यंत्र. ते चालवणारा विंचमन. आणि गंमत बघा, विंचमनला जहाजाच्या पोटातलं काहीच दिसत नाही. तळघराच्या तोंडाशी एक जण उभा राहून हाताने खुणा करतो, त्या खुणांवर हा दोन टन माल उचलतो. खूण चुकली की खाली कोणाचं तरी डोकं. आजच्या भाषेत विंचमन हा इक्विपमेंट ऑपरेटर. फोर्कलिफ्टवाल्याचा आजोबाच म्हणा.

पण हा माणूस एकटा कामावर लागायचा नाही. टोळी लागायची. वर मुकादम किंवा तांडेल. मुंबईत किनाऱ्यावरच्या कामासाठी तर टोळीवाला नावाचा कंत्राटदारच होता, पोर्ट ट्रस्टला माणसं पुरवायचा. सकाळी गेटवर गर्दी, टोळीवाला बोट दाखवेल तो आत, बाकीचे घरी. कोण चांगला विंच चालवतो याचं प्रमाणपत्र म्हणजे मुकादमाचा शब्द, आणि त्या शब्दाची किंमत मोजावी लागायची. दस्तुरी. गाववाला असशील तर थोडी कमी.

जहाज आलं नाही, पाऊस लागला, तर शून्य. पावसात धान्याचं जहाज उघडताच येत नाही, झाकणं लावून बसावं लागतं. आणि मुंबईत पाऊस चार महिने. पण त्याच वेळी अडकून पडलेल्या जहाजाचं काय? त्याला पैसे मिळायचे! ठरलेल्या मुदतीपेक्षा जहाज जास्त दिवस थांबलं, तर ज्याने ते भाड्याने घेतलंय त्याने मालकाला भरपाई द्यायची. याला डेमरेज म्हणतात, शब्द आजही रोजच्या वापरात आहे. म्हणजे जहाजाने वाट बघितली तर बिल निघतं. माणसाने बघितली तर त्याचं नशीब.

हे फक्त मुंबईत नव्हतं. न्यूयॉर्कमध्ये लोक अर्धवर्तुळात उभे राहायचे आणि फोरमन त्यातून माणसं उचलायचा. लंडनमध्ये १८८९ साली गोदी कामगारांचा मोठा संप झाला. तासाला सहा पेन्स ही मागणी सगळ्यांच्या लक्षात राहते, कारण घोषणा छान होती. माझ्या मते दुसरी मागणी जास्त महत्त्वाची : एकदा माणसाला आत बोलावलं की किमान चार तासांचे पैसे द्यायचेच. तासाभरात काम संपवून "जा आता" म्हणायचं नाही.

भारतात व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या रॉयल कमिशन ऑन लेबरने १९३१ च्या अहवालात सांगितलं की गोदी कामगारांची नोंदणी करा, रोजची गर्दी आणि निवड थांबवा. अहवाल आला आणि, अहवालांचं होतं तसं, पडून राहिला. खरी हालचाल स्वातंत्र्यानंतर. ब्रिटनने १९४७ मध्ये गोदी कामगारांसाठी राष्ट्रीय योजना आणली, आणि आपण १९४८ मध्ये डॉक वर्कर्स (रेग्युलेशन ऑफ एम्प्लॉयमेंट) कायदा केला. १९५१ मध्ये बॉम्बे डॉक लेबर बोर्ड उभं राहिलं. यामागे युनियनचा रेटा होता. सीएसएमटीपासून गोदीच्या भिंतीकडेने जाणाऱ्या पी. डिमेलो रोडवरून तुम्ही गेला असाल. ते प्लॅसिड डिमेलो, गोदी कामगारांचे पुढारी. १९५८ मध्ये गेले. मुंबईत नवीन आलेले जॉर्ज फर्नांडिस त्यांच्याच हाताखाली तयार झाले.

बोर्डाने केलं काय? दोन रजिस्टरं. एक मालकांचं, एक कामगारांचं. रजिस्टरवर नाव नसलेल्या मालकाने माणूस घ्यायचा नाही, नाव नसलेल्या माणसाने कामाला जायचं नाही. कामगार वर्गवारीने नोंदलेले : विंचमन वेगळे, तांडेल वेगळे, टोळीतले वेगळे. काही जण एकाच स्टीव्हडोरकडे, म्हणजे जहाजावरच्या मालाचं काम घेणाऱ्या कंपनीकडे, महिन्यावर. उरलेले सगळे राखीव पूलमध्ये, आणि काम द्यायचं ते पाळीपाळीने. मुकादमाच्या मर्जीच्या जागी रांग आली. कोडिंग करणाऱ्यांना सांगतो, राउंड रॉबिन शेड्युलर आहे हा, फक्त खडूने आणि वहीवर चालणारा. बोर्डावर सरकार, मालक आणि कामगार तिघांचे प्रतिनिधी.

आणि आता ते उत्तर. राखीव पूलमधला माणूस हजर झाला आणि काम नाही, तर हजेरी भत्ता. महिन्याला ठरावीक दिवसांच्या मजुरीची हमी. आणि एक तिसरी गोष्ट, ज्यावरून हा एपिसोड सुचला. माणसाला काम दिलं, तो जहाजापाशी पोचला, पण काही कारणाने काम सुरूच होऊ शकलं नाही आणि दुसरंही काम नाही. तर त्याला परत पाठवायचं आणि पैसे द्यायचे. या पैशांचं अधिकृत, छापील नाव काय असेल? डिसअपॉइंटमेंट मनी. हिरमोड भत्ता! सरकारी कागदावर इतका माणसासारखा शब्द मी दुसरा पाहिलेला नाही.

आमच्या आयटीत याला बेंच म्हणतात. प्रोजेक्ट नाही, तरी पगार चालू. बेंचवरचा पोरगा कॅन्टीनमध्ये बसून सर्टिफिकेशनचे व्हिडिओ बघतो आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नाही, कारण कंपनीला उद्या माणूस लागेल तेव्हा तो तयार हवा असतो. गोदीतला राखीव पूल म्हणजे तोच हिशोब. फरक एवढाच की त्यांना तो संप करून मिळवावा लागला आणि पुढे त्यालाच "कामचोरी" म्हटलं गेलं.

सगळं गोड होतं असं मी म्हणणार नाही. रजिस्टर बंद झालं की बाहेरच्याला दार बंद. टोळीत किती माणसं हवीत हे कागदावर पक्कं झालं, आणि यंत्राने काम निम्म्या माणसांत होऊ लागलं तरी आकडा हलवायचा म्हटलं की भांडण. मालकांची ही तक्रार खोटी नव्हती.

कारण दरम्यान यंत्रं आली. फोर्कलिफ्टची कुळकथा साधारण १९१७ पासून सांगतात. अमेरिकेत मिशिगनमधल्या बुकॅनन गावच्या क्लार्क कंपनीने स्वतःच्या कारखान्यात माल फिरवायला एक गाडी बनवली, आणि कारखाना बघायला आलेले लोक म्हणाले, आम्हालाही द्या. दुसऱ्या महायुद्धात फोर्कलिफ्ट आणि लाकडी पॅलेट यांची जोडी जमली. मग २६ एप्रिल १९५६ ला माल्कम मॅक्लीनचं 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ कंटेनर घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं. सुटा माल चढवायला टनामागे ५.८६ डॉलर लागायचे, या जहाजाचा हिशोब आला १६ सेंटच्या आत.

पुढे काय होणार हे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे युनियन नेते हॅरी ब्रिजेस यांनी ओळखलं. त्यांनी १९६० मध्ये सौदा केला : यंत्रं आणा, आम्ही अडवत नाही, पण रजिस्टरवरच्या माणसांना काढायचं नाही आणि वाचलेल्या पैशांतून निधी द्या. साडेपाच वर्षांत २ कोटी ९० लाख डॉलर. त्यांच्याच युनियनमधल्या अनेकांना हा सौदा स्वस्तात गेला असं वाटलं, आणि कंटेनरने पुढे किती वाचवलं ते बघता मलाही तसंच वाटतं.

आपल्याकडे उत्तर वेगळं निघालं. जुन्या बंदराशी वाटाघाटी करण्यापेक्षा खाडीपलीकडे नवं बंदर. न्हावाशेवा. त्यासाठी उरणच्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबारात पाच जण गेले, दि. बा. पाटलांचं ते आंदोलन. त्यावर स्वतंत्र एपिसोड करायचाय, इथे दोन ओळींत गुंडाळणं बरोबर नाही. २६ मे १९८९ ला बंदर सुरू झालं. योगायोग असा की ब्रिटनने आपली ती १९४७ची योजना मोडीत काढली, तेही १९८९ मध्येच. न्हावाशेव्याला डॉक लेबर बोर्ड आलंच नाही. १९९९ मध्ये तिथे देशातलं पहिलं खासगी कंटेनर टर्मिनल सुरू झालं. मुंबईचं बोर्ड नव्वदच्या दशकात पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं, माणसं स्वेच्छानिवृत्तीने कमी होत गेली, आणि मोठ्या बंदरांतून ही बोर्डं संपवायची वाट १९९७ च्या कायद्याने मोकळी करून दिली.

रजिस्टरची कल्पना मात्र गोदीच्या भिंतीबाहेर जगली. १९६९चा माथाडी कायदा, अण्णासाहेब पाटलांच्या लढ्याचं फळ. मालकाने मजुरी आणि वर लेव्ही बोर्डात भरायची, कामगाराला मजुरी, भविष्य निर्वाह निधी, बोनस बोर्डाकडून. तोच सांगाडा, बाजारपेठांसाठी. पण नावातच माथा आहे. ओझं डोक्यावर असेल तर माथाडी. मग तीच पोती पॅलेटवर रचून फोर्कलिफ्टने उचलली तर? लेव्ही लागते की नाही? यावर वाद चालू आहेत, कोर्टातही. आणि ऑपरेटर मात्र दोन्हीकडून सुटतो : डोक्यावर ओझं नाही म्हणून माथाडी नाही, आणि कंपनीच्या पगारपत्रकावरही नाही, कारण तो कंत्राटदाराचा.

कंत्राटदाराचा असणं म्हणजे काय, हे सुप्रीम कोर्टाने ३० ऑगस्ट २००१ ला स्पष्ट केलं. खटल्यात एका बाजूला स्टील अथॉरिटी, दुसऱ्या बाजूला नॅशनल युनियन वॉटरफ्रंट वर्कर्स. नावातच गोदी आहे! पश्चिम बंगालमधल्या स्टीलच्या यार्डांत माल हाताळणाऱ्या माणसांचा प्रश्न. १९९६ च्या एअर इंडिया खटल्यात कोर्ट म्हणालं होतं की एखाद्या कामात कंत्राटी पद्धत बंद केली, तर ती माणसं मूळ कंपनीची होतात. २००१ मध्ये पाच न्यायमूर्तींनी ते फिरवलं : आपोआप होत नाहीत. कंत्राट नुसतं दाखवण्यापुरतं होतं हे सिद्ध करा, मग बघू. सिद्ध करायचं कोणी? ज्याच्याकडे कागद नाहीत त्याने.

मग आज धंद्यासाठी ऑपरेटर कसा घेतात? बऱ्याचदा माणूस घेतच नाहीत. मशीन भाड्याने घेतात, ऑपरेटर त्यासोबत येतो, स्टेपनीसारखा. अमेरिकेत १९९९ पासून नियम आहे की फोर्कलिफ्टवर बसवण्याआधी प्रशिक्षण आणि चाचणी ही मालकाची जबाबदारी, आणि दर तीन वर्षांनी पुन्हा तपासणी. आपल्याकडे भाड्याच्या मशीनसोबत बऱ्याचदा व्हॉट्सॲपवर सर्टिफिकेटचा फोटो येतो, आणि मुकादमाचा शब्द आता कंत्राटदाराचा शब्द झालाय.

या भाड्याच्या करारांत एक कलम नेहमीचं असतं. महिन्याला किमान तास. सव्वीस दिवस, रोज आठ तास, म्हणजे २०८. किंवा रोज दहा तास, म्हणजे २६०. मशीन त्याहून कमी चाललं, ट्रेलर आलाच नाही, पाऊस पडला, तरी २०८ तासांचं बिल लागणारच. त्याच मशीनवर बसलेला माणूस बऱ्याच ठिकाणी अजून हजेरीवर आहे.