साडेपाच फुटांची मंजुरी #थ्रेड

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे निघालेली आगगाडी सर्वांना ठाऊक आहे. तिच्या दोन रुळांमध्ये साडेपाच फुटांचे अंतर होते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. इंजिने इंग्लंडची, अभियंतेही इंग्लंडचे; पण तेथील चार फूट साडेआठ इंचांचे प्रचलित माप येथे आले नाही. त्याचे कारण ईस्ट इंडिया कंपनीच्या पत्रव्यवहारात आहे.

कंपनीत अशा निर्णयाची वाट लांबची असे. कलकत्त्यातील सल्लागार अभियंत्याने प्रस्ताव मांडावा, गव्हर्नर जनरलने त्यावर टिपण लिहावे आणि मंजुरी लंडनच्या संचालक मंडळाने द्यावी. पत्र एका बाजूने पोहोचायलाच महिना उलटून जाई.

संचालकांचा कल आरंभी इंग्लंडच्या मापाकडे होता. सल्लागार अभियंता सिम्स यांनी साडेपाच फूट सुचवले. १८५० च्या जुलैमध्ये लॉर्ड डलहौसीने टिपण लिहिले आणि त्याहून रुंद, सहा फुटांचे माप पसंत केले. रुंद रुळांवर इंजिनाच्या यंत्रणेला जागा मिळते आणि गाडी स्थिर राहते, असा त्यामागचा विचार होता. संचालकांनी अखेर साडेपाच फूट मान्य केले.

पण त्या टिपणातील खरा आग्रह आकड्याचा नव्हता. भारतात येण्यापूर्वी डलहौसी ब्रिटनच्या व्यापार मंडळात होता आणि ‘गेजचे युद्ध’ त्याने जवळून पाहिले होते. ग्रेट वेस्टर्न कंपनीचे रूळ सात फुटांचे, इतरांचे अरुंद. दोन्ही जेथे भेटत त्या ग्लॉस्टर स्थानकावर माल एका वाघिणीतून उतरवून दुसरीत भरावा लागे. १८४६ चा कायदा झाला, तोही तडजोडीचा. माप कोणतेही असो, साऱ्या देशात एकच असावे, हा धडा त्याने तेथून आणला. कोरी पाटी हाती असलेल्या राज्यकर्त्याला ही संधी एकदाच मिळते, हे त्याने अचूक ओळखले होते.

पुढे वीसच वर्षांत ती निसटली. खासगी रेल्वे कंपन्यांना दिलेली पाच टक्के परताव्याची हमी तिजोरीला जड झाली, म्हणून सरकार स्वतःच स्वस्त मार्ग बांधू लागले. १८७० मध्ये लॉर्ड मेयोच्या कारकिर्दीत सव्वातीन फुटांच्या आसपासचे माप ठरले. भारतात मेट्रिक पद्धत आणण्याचा विचार तेव्हा चालू होता, म्हणून त्यात इंचाचा थोडा अंश वाढवून ते बरोबर एक मीटर केले गेले. मेट्रिक पद्धत तेव्हा आलीच नाही. मीटरगेज तेवढे राहिले.

लष्कराला धोका लगेच दिसला. सरहद्दीकडे तोफा नेताना मध्येच गाडी बदलणे परवडणारे नव्हते. १८७४ मध्ये पंजाब व सिंधमधील मार्ग रुंद करण्याचा निर्णय झाला. शेतकऱ्याच्या कापसासाठी असा आग्रह कोणी धरला नाही.

परिणाम मनमाडला दिसत असे. मुंबईहून येणारा मार्ग साडेपाच फुटांचा, तर औरंगाबादकडे जाणारा निजामाच्या राज्यातील मार्ग एक मीटरचा. मराठवाड्याचा माल तेथे हमालांच्या पाठीवरून एका गाडीतून दुसरीत जाई. देशभर एकच माप आणण्याचा ‘युनिगेज’ प्रकल्प सुरू झाला १९९२ मध्ये, म्हणजे डलहौसीच्या टिपणानंतर १४२ वर्षांनी.