नॉर्मंडीची गवळण

श्रीखंडाची वाटी पुढे आली, की वाढणारीचे कौतुक होते; रात्रभर चक्का टांगून ठेवणारीची आठवण सहसा कोणी काढीत नाही. दुधाच्या धंद्याची रीतच अशी आहे. दूध आटते, विरजते, खाल्ले जाते आणि त्यामागचे हात विसरले जातात. गोठ्यात जन्म घालविणाऱ्या माणसाचे नाव इतिहासात राहिल्याचे उदाहरण विरळाच. फ्रान्समधील एका म्हाताऱ्या गवळणीचे नाव मात्र राहिले आहे. ते कसे राहिले, याची हकीकत तिच्या आयुष्याइतकीच ऐकण्यासारखी आहे.

पानिपतचा घाव महाराष्ट्राने सोसला त्याच वर्षी, म्हणजे २८ एप्रिल १७६१ रोजी, नॉर्मंडी प्रांतातील क्रूत या खेड्यात मारी फोंतेन हिचा जन्म झाला. हा मुलूख पावसाळी. हिरवी कुरणे, त्यांना दाट झुडपांची कुंपणे, सफरचंदाच्या बागा आणि त्यांत चरणाऱ्या गाई. १७८५ साली झाक आरेल नावाच्या शेतकऱ्याशी तिचे लग्न झाले आणि ती मारी आरेल झाली. शेजारीच कामांबेर नावाचे लहानसे गाव आहे. आज जगभरच्या दुकानांत याच नावाचे मऊ, पांढऱ्या सालीचे चीज विकले जाते.

हे चीज करणे मोठ्या निगुतीचे काम. कोमट दुधाला वासराच्या जठरातून काढलेले विरजण लावायचे. दूध घट्ट धरले, की ते न मोडता पळीपळीने साच्यात घालायचे. एक थर बसला, की दुसरा. त्यातले पाणी आपल्या भाराने निथळू द्यायचे. मग मीठ लावून काही आठवडे थंड खोलीत मुरवायचे. वर बुरशी चढते आणि तीच आतला गोळा लोण्यासारखा मऊ करते. मारीच्या काळी ती साल निळसर-करडी असे. आजचा शुभ्र रंग विसाव्या शतकातला. एका चीजला दोन लिटरांहून थोडे अधिक दूध लागते. म्हणजे दहा चीजे बाजारात न्यायची, तर वीस-बावीस लिटर दूध काढणे आले. आणि गाईला सणवार ठाऊक नसतो!

अशा संसारात राज्यक्रांती येऊन धडकली. १७९० साली नव्या सरकारने कॅथलिक धर्मगुरूंना राज्यघटनेशी निष्ठेची शपथ घेण्याचा हुकूम काढला. पुष्कळांनी ती नाकारली. १७९२ पासून अशा धर्मगुरूंवर देश सोडण्याची पाळी आली. कित्येक जण खेड्यापाड्यांतून लपून राहिले. श्रद्धाळू शेतकऱ्यांनी त्यांना आसरा दिला, तो जिवावर उदार होऊन.

येथेच आख्यायिका सुरू होते. ब्री प्रांताकडून आलेले बोंव्हूस्त नावाचे एक धर्मगुरू बोमोंसेलच्या वाड्यात लपले होते. मारीने त्यांना सांभाळले आणि त्यांनी तिला आपल्याकडच्या चीजची युक्ती शिकविली. त्यातून कामांबेर जन्मले, असे सांगतात. गोष्ट गोड आहे. पण तोमा कोर्नेय याच्या १७०८ सालच्या भूगोलकोशातच कामांबेरच्या चीजची वाखाणणी आहे. तेव्हा मारीचा जन्मही झाला नव्हता. पिएर बोइझार या फ्रेंच अभ्यासकाने १९९२ साली या कथेची छाननी करून ती पुराव्यावर उभी नसल्याचे दाखविले.

मग मारीच्या वाट्याला उरले काय? माझ्या मते, पुष्कळ. आख्यायिकेने तिला शोध लावण्याचा मान दिला. पण त्याच हाताने, तिला शिकवायला एक पंडित आणून बसविला. जणू आयुष्यभर दुधात हात असलेल्या बाईला स्वतःची अक्कल नव्हतीच! खरी गोष्ट साधी आहे. गावात चालत आलेला हुन्नर तिने उत्तम रीतीने चालविला आणि तो लेकीच्या हाती दिला. लेकीचे नावही मारीच. जावई तोमा पेनेल आणि पुढे नातवंडे यांनी घरचा धंदा वाढवून दूरदूरच्या बाजारांत नेला. शोधापेक्षा हे सातत्य अवघड असते, हे शेतकऱ्याच्या घरात कोणाला सांगावे लागत नाही.

९ नोव्हेंबर १८४४ रोजी, त्र्याऐंशी वर्षांची होऊन, ती विमूतिए या बाजारगावी वारली. तिच्या जन्मकाळी माणसांची नोंद चर्चच्या वहीत होई. मरणकाळी ती नगरपालिकेच्या वहीत होऊ लागली होती. या दोन वह्यांच्या मध्ये एक राजा फाशीयंत्राखाली गेला, एक सम्राट उदयाला येऊन मावळला. म्हातारीच्या गाई मात्र रोज दोन वेळा पिळाव्याच लागल्या असतील.

तिच्यामागे आगगाडी आली आणि तीन दिवसांची पॅरिसची वाट काही तासांवर आली. १८६३ साली तिच्या नातवाने, व्हिक्टर पेनेलने, तिसऱ्या नेपोलियनला हे चीज चाखविले, असे सांगतात. १८९० साली रिदेल नावाच्या अभियंत्याने पातळ लाकडी डबी काढली आणि नाजूक चीज लांबचा प्रवास करू लागले. पहिल्या महायुद्धात ते खंदकांतल्या शिपायांपर्यंत पोहोचले.

आणि म्हातारीचे नाव? ते परत आणले एका परक्याने. १९२६ साली जोसेफ क्निरिम नावाचा अमेरिकन विमूतिएला आला. या चीजने आपले पोटाचे दुखणे बरे झाले, असे त्याचे म्हणणे. त्याच्या पुढाकाराने १९२८ मध्ये तिचा पुतळा उभा राहिला. अनावरण माजी राष्ट्राध्यक्ष मिलरां यांनी केले. १९४४ च्या जूनमध्ये अमेरिकन विमानांच्या बॉम्बवर्षावात गाव उद्ध्वस्त झाले आणि पुतळ्याचे शिर उडाले. तिच्या मृत्यूचे ते शंभरावे वर्ष होते. पुढील दशकात नवा पुतळा आला, तोही अमेरिकेतूनच! ओहायो राज्यातील व्हॅन वर्ट येथील चीज कारखान्यातल्या कामगारांनी त्यासाठी पैसे दिले.

ज्यांच्या देशाने पुतळा मोडला, त्यांच्यातल्याच दुधाच्या कामकऱ्यांनी तो पुन्हा उभा केला. त्यांना त्या धर्मगुरूच्या कथेची शहानिशा करण्याचे कारण नव्हते. पहाटे उठून दुधाला हात लावणारी ती एक होती, आणि आपणही तेच करतो, एवढी ओळख त्यांना पुरेशी वाटली असावी. मारी आरेलच्या नावाचे खरे मोल मला या ओळखीतच दिसते.