राजपूत : एका म्हाताऱ्या विनाशिकेची हकिकत

आमच्या झाडीपट्टीत वाघ पाहिलेला माणूस घरोघरी सापडतो. समुद्र पाहिलेला मात्र माझ्या लहानपणी शोधूनही सापडत नसे. आमच्यासाठी जहाज म्हणजे वैनगंगेतला डोंगा. तसं पाहिलं तर समुद्राशी आमचं नातं पाण्याचंच आहे. वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते, आणि आमच्या बांध्यांतून वाहून गेलेलं पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात पोचतं. त्या पाण्याच्या वाटेने आमच्या गावातून एकच माणूस गेला, ते माझे मोठे मामा. नागभीडहून छोट्या गाडीने चांदा फोर्ट, पुढे बल्लारशा, आणि मग मोठ्या रेल्वेने दूर. लोणावळ्याच्या ‘शिवाजी’ या नौदलाच्या शाळेत ते इंजिनाचं काम शिकले आणि स्टोकर म्हणून ‘आयएनएस राजपूत’ या विनाशिकेवर रुजू झाले.

विनाशिका म्हणजे मोठ्या जहाजांची राखणदार. अंगाने हलकी, पायाने चपळ. पाणबुडी शोधायची, तिच्यावर डेप्थ चार्ज टाकायचे, ताफ्याच्या पुढेमागे पहारा करायचा, हे तिचं काम. राजपूतचा जन्म मात्र भारतातला नाही. स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदीकाठी जॉन ब्राऊन कंपनीच्या गोदीत ती बांधली गेली. ‘क्वीन मेरी’ हे प्रवासी जहाजही त्याच गोदीतलं. मार्च १९४२ मध्ये ती पाण्यात उतरली, ऑगस्टमध्ये ब्रिटिश नौदलात दाखल झाली, तेव्हा तिचं नाव ‘रॉदरहॅम’ होतं. लांबी ३५८ फूट, ४.७ इंची चार तोफा, आठ टॉर्पेडो नळ्या आणि वेग ३६ नॉट, म्हणजे तासाला पासष्टेक किलोमीटर.

महायुद्धात तिचा बराच काळ आपल्याच बाजूच्या समुद्रात गेला. ब्रिटिशांच्या पूर्वेकडच्या आरमारात ती हिंदी महासागरात फिरली. एप्रिल १९४४ मध्ये सुमात्राच्या उत्तर टोकावरच्या साबांगवर विमानवाहू जहाजांनी हल्ला केला, तेव्हा राखणीच्या ताफ्यात ती होती. सप्टेंबर १९४५ मध्ये ती सिंगापूरला पोचली आणि तिच्या कप्तानाने तिथला नौदल तळ जपान्यांकडून ताब्यात घेतला. तळाच्या एका दरवाजाला पुढे ‘रॉदरहॅम गेट’ असं नाव पडलं.

युद्ध संपलं. इंग्रजांना इतक्या जहाजांची गरज उरली नाही आणि नव्या भारताला जहाजं हवी होती. १९४९ मध्ये एकाच जातीच्या तीन विनाशिका आपण घेतल्या. रॉदरहॅमची राजपूत झाली, रिडाउटची रणजित आणि रेडरची राणा. आमच्याकडे सेकंडहँड ट्रॅक्टर घेतला की हार घालून, नारळ फोडून त्याला घरचा करतात, तसंच म्हणायचं.

मामांकडून मी ऐकलं ते या जहाजाच्या पोटातलं. आमचा जिल्हा कोळशाचा. स्टोकर म्हटलं की गावकऱ्यांना वाटे, मामा फावड्याने कोळसा टाकत असतील. मामा हसायचे. “कोळसा नाही बाबू, तेल. तेलाचा फवारा आत मारायचा, त्याच्या जाळावर पाण्याची वाफ करायची, आन् वाफेवर चक्र फिरवायचं.” दोन बॉयलर आणि चाळीस हजार घोड्यांची ताकद. खाली गरमी अशी की चंद्रपूरचा मे महिना बरा. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या मोहिमेत राजपूत ‘विक्रांत’सोबतच्या ताफ्यात होती आणि मामा राजपूतवर होते. गोवा कसा दिसला म्हणून विचारलं की म्हणत, “मले का दिसनार? मी तं खाली बायलरपाशी.” दहा वर्षांची नोकरी करून १९६३ मध्ये ते गावी परतले आणि धानाच्या शेतीला लागले.

राजपूतचं सगळ्यांत मोठं काम त्यानंतरचं.

१९७१ मध्ये जहाज थकलं होतं. तीस वर्षांचं लोखंड. युद्ध तोंडावर आलं तेव्हा ती विशाखापट्टणमला होती. पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस अॅडमिरल एन. कृष्णन यांच्यापुढे पेच होता तो विक्रांतचा. या एकुलत्या एका विमानवाहू जहाजाच्या बॉयलरला तडे गेलेले, वेग घटलेला. आणि तिच्या मागावर पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी निघालेली. गाझी मूळची अमेरिकन ‘डायब्लो’, १९६४ मध्ये पाकिस्तानला मिळालेली. कराचीहून थेट बंगालच्या उपसागरापर्यंत जाऊन लढू शकेल अशी पाकिस्तानकडे तेवढी एकच पाणबुडी होती. १४ नोव्हेंबरला ती कराचीतून निघाली.

कृष्णन यांनी विक्रांतला दूर अंदमानच्या बाजूला लपवलं आणि तिचं सोंग घ्यायला म्हाताऱ्या राजपूतला पुढे केलं. आमच्या दंडारीत गावचाच पोऱ्या राणीचं पातळ नेसून उभा राहतो, तसं. विशाखापट्टणमच्या ठेकेदारांकडे मोठ्या जहाजाला पुरेल एवढं मांस, भाजीपाला मागवला. राजपूतवरून विक्रांतच्या नावाने बिनतारी संदेश सुटू लागले. त्यातला एक संदेश उघड्या भाषेत होता. कुण्या खलाशाची आई फार आजारी आहे, खुशाली कळवा, असा. कृष्णन यांनी हे पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवलं. ‘मदर सीरियस’ ही तार आमच्या गावानेही बरीच पाहिली आहे, पण रजा मिळवण्यासाठी. इथे त्या तारेवर एक अख्खं विमानवाहू जहाज वाचवायचं होतं.

३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या पश्चिमेकडच्या विमानतळांवर बॉम्ब टाकले. मध्यरात्रीनंतर पंतप्रधान इंदिरा गांधी रेडिओवर बोलल्या. त्याच रात्री, बाराला थोडा अवकाश असताना, राजपूत दिवे मालवून बंदराबाहेर पडली. कप्तान होते लेफ्टनंट कमांडर इंदर सिंग. वाट दाखवणाऱ्या पायलटला उतरवून ती पुढे सरकली, तोच समोरच्या पाण्यात खळबळ दिसली. पाणबुडी असावी म्हणून जहाजाने दोन डेप्थ चार्ज टाकले आणि पुढे निघून गेली. थोड्याच वेळात मोठा स्फोट झाला, त्याचा हादरा शहरातही जाणवला. नंतर कोळ्यांना पाण्यावर तरंगणारे अवशेष मिळाले. पाणबुडे खाली गेले. ती गाझीच होती. आत ९३ माणसं होती, एकही वाचला नाही.

९ डिसेंबरला भारताने ही बातमी जाहीर केली. त्याच रात्री अरबी समुद्रात आपली ‘खुकरी’ पाकिस्तानी पाणबुडीने बुडवली. १९४ माणसं गेली. समुद्राचा हिशेब असा असतो.

गाझी नेमकी कशाने बुडाली यावर आजही एकमत नाही. आपलं नौदल श्रेय राजपूतला देतं. पाकिस्तान म्हणतं, पाणबुडीने स्वतः पेरलेल्या सुरुंगांपैकी एक फुटला असेल किंवा आतच अपघात झाला असेल. आपल्या सैन्यदलांच्या निवृत्त अधिकाऱ्यांतही मतभेद आहेत. आणि २०१० मध्ये बातमी आली की पूर्व विभागाकडची गाझीसंबंधीची मूळ कागदपत्रं पूर्वीच नष्ट केली गेली.

कागद नसला की गोष्टी वाढतात. २०१७ मध्ये ‘द गाझी अटॅक’ हा सिनेमा तेलुगू आणि हिंदीत आला. त्यात पाणबुडीशी झुंजते ती दुसरी पाणबुडी. पोरांनी तो मोबाईलवर पाहिला आणि मामांचं जहाज त्यांना आठवलं. गावाने ठरवलं, चौकात फलक लावायचा : ‘गाझी बुडवणारे वीर’, खाली मामांचं नाव. मामा तेव्हा ऐंशी पार केलेले, काठीवर चालणारे. ते रंगाऱ्यापाशी जाऊन उभे राहिले.

“त्या साली मी घरी धान चुरत होतो बाबू. रेडिओवर ऐकलं मी.”

“पण जहाज तं तुमचंच होतं ना आजोबा?”

“जहाज माहं होतं, रात माही नव्हती. त्या पाणबुडीत ब्यान्नव-त्र्यान्नव मानसं मेली. त्याईच्या मौतीवर माहं नाव काहून लिवता?”

पोरं नाराज झाली. वर्गणी जमली होती, पेढे आणले होते. एकाने सांगितलं, खरं कोण तपासणार आहे? मामा म्हणाले, “मी हावो ना.” शेवटी फलकावर त्यांच्या नोकरीची सालं आली, ‘स्टोकर, आयएनएस राजपूत’ आणि ‘गोवा मुक्ती, १९६१’. तेवढंच.

मला त्यांचं म्हणणं पटतं, आणि त्याने राजपूतचं मोल कमी होतं असंही वाटत नाही. शेवटचा घाव कुणाचा हे ठरो न ठरो, दोन गोष्टींवर वाद नाही. गाझी विशाखापट्टणमच्या तोंडाशी बुडाली, आणि तेव्हा विक्रांत दूर सुरक्षित होती. पुढे विक्रांतची विमानं चितगाव आणि कॉक्स बाजारवर गेली. भंगारच्या वाटेवरच्या जहाजाने स्वतःला आमिष म्हणून पुढे केलं, हे शौर्य पुरेसं आहे. त्याला सिनेमाची फोडणी लागत नाही.

१९७६ मध्ये राजपूत सेवेतून निघाली आणि मोडीत गेली. तिचं नाव १९८० मध्ये सोव्हिएत बनावटीच्या नव्या विनाशिकेला मिळालं. मे २०२१ मध्ये निवृत्त झाली ती ही दुसरी राजपूत. बातमी पाहून आमच्याकडे अनेकांनी दोघींची गल्लत केली. गाझी मात्र अजून तिथेच आहे. २०२४ मध्ये आपल्या नौदलाने खोल पाण्यातल्या बचाव-नौकेने तिचा ठाव घेतला आणि आत मेलेल्यांचा मान राखून तिला हात लावला नाही. ज्या नौदलाशी ते लढायला आले होते, त्यानेच ती जागा कबरीसारखी सोडून दिली. मामांनी फलकापाशी जे केलं, ते याच जातीचं होतं.