माल मोजा, मग वही उघडा: १४९४ चा धडा

आजचा प्रश्न: कागदावर नफा दिसतो, तरी दुकान तोट्यात कसं जातं?

१४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली या गणितज्ञ साधूचं पुस्तक छापलं गेलं. त्यात दुहेरी नोंद पद्धत समजावली होती. ती काही त्याने शोधली नव्हती, तिथले व्यापारी ती आधीपासूनच वापरत होते. पण त्याने सांगितलेली पहिली पायरी बघा: आधी आपल्याकडे जे जे आहे त्याची यादी करा, तीही एकाच दिवसात. कारण सोपं आहे. मोजणी रेंगाळली की मध्येच माल येतो-जातो आणि यादी खोटी पडते.

आता आपलं दुकान घ्या. महिन्याच्या सुरुवातीचा माल ४०,००० रुपयांचा, खरेदी ६०,०००, अखेरची शिल्लक ३०,०००. म्हणजे विकलेला माल आपल्याला पडला ७०,००० ला. विक्री ८५,०००, तर ढोबळ नफा १५,०००. भाडं-पगार २०,००० असेल, तर ५,००० चा तोटा!

पण शिल्लक न मोजता अंदाजाने ५०,००० धरली, तर तोच महिना १५,००० नफ्याचा दिसतो. त्या भरवशावर आपण नवा माल उचलतो, आणि फसतो.

म्हणून महिन्यातून एकदा शटर ओढा आणि माल मोजाच.